मधल्या जावेची तार

आमच्या आक्कांना घरात कुठलीही वस्तू नुसती बसून राहिलेली खपत नसे. बिघडलेल्या मिक्सरच्या भांड्यात त्यांनी ओव्याचं रोप लावलं होतं. मुलानं कॉलेजच्या गॅदरिंगसाठी घेतलेला टाय वासराच्या गळ्यात होता, आणि ते वासरू कंपनीत साहेब म्हणून लागल्यासारखं मान ताठ करून गोठ्यात उभं राही. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले त्याच संध्याकाळी त्या जिना चढून वर आल्या, माझं सगळं सामान नजरेखालून घातलं आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे बोट दाखवलं.

“ही वापरता का?”

“नाही, काड्या मोडल्यात तिच्या.”

“मंग द्या हिकडं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या छत्रीचं कापड विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला टोपडं होऊन बसलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. निमगाव सावाच्या उपकेंद्रात मी सिस्टर म्हणून लागले होते. माझं गाव लांब, लातूरकडे. इथं ओळखीचं कुणी नाही. आक्कांनी मला भाडेकरू म्हणून ठेवलं आणि आठवडाभरात ताब्यात घेतलं. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, काटक. नऊवारीचा काष्टा घट्ट, चाल भरभर. आख्खं गाव त्यांना आक्काच म्हणे, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. त्यांचे मालक, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, फार कमी बोलत. बोलले तर कांद्यावर किंवा लाइटीवर. एकुलता एक मुलगा बाळू पुण्यात डिप्लोमा करून भोसरीच्या एका कंपनीत लागला होता आणि दर रविवारी घरी यायचा.

त्या घरातली एकच वस्तू रिकामी होती. मधल्या खोलीत खिळ्याला, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली गिटार.

बाळूनं ती डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी हौसेनं घेतली होती. महिना-दोन महिने ट्रँव ट्रँव केलं, बोटं दुखली, सोडून दिलं. दर दिवाळीला आक्का ती खाली काढायच्या, पुसायच्या आणि परत टांगताना म्हणायच्या, “एवढी चांगली बाय, आन हिला काय कामच न्हाई.”

एका उन्हाळ्यात कांदा वखारीत भरून झाला, हात मोकळे झाले, आणि एके दिवशी मी ड्यूटीवरून आले तर आक्का ओसरीत मांडी घालून बसलेल्या. गिटार मांडीवर आडवी, एखादं तान्हं मूल तेल लावायला घ्यावं तशी.

“सिस्टर, हे वाजतं कसं?”

“मला नाही येत आक्का.”

“कुणाला इचारायचं मंग?”

रविवारी बाळू आला. त्याला आधी वाटलं आई थट्टा करतेय. मग त्यानं ट्रंकेतून एक पुस्तक काढून दिलं. आत इंग्रजी मजकूर आणि पानोपानी उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन, त्यांत काळे ठिपके. आक्कांनी बराच वेळ पानं उलटली.

“हे रांगोळीचं पुस्तक हाय का रं?”

“आई, बोटं कुठं ठेवायची ते दाखवलंय.”

“बोटं ठिवून काय करू? वाजतंय कसं ते कुटं लिव्हलंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खरोखरच त्यातला एक चौकोन ठिपक्यांसकट काढलेला होता, वर हळद-कुंकू. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका म्हणाल्या, नव्या तऱ्हेची आहे, आम्हालाही द्या. पुस्तकाचा आक्कांनी तेवढाच उपयोग करून घेतला. “मला कान हायती की,” त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पहिले काही दिवस त्यांनी एकही बोट तारेवर दाबलं नाही. एकेक तार छेडायची, ती पुरती विझेपर्यंत ऐकायची, मगच दुसरीला हात. तारांना त्यांनी नावं दिली. सगळ्यांत जाड ती सासू. तिच्याखाली थोरली जाऊ, मधली जाऊ, धाकटी जाऊ. पाचवी नणंद. आणि सगळ्यांत बारीक ती घरातली लेक, “लाडाची, जरा हात लावला की किंचाळती.” ही लेक मात्र थोड्याच दिवसांत तुटली. पुण्याहून तार आणायला बाळू दर रविवारी विसरायचा. एक दिवस तात्या काही न बोलता पक्कड घेऊन बसले, मोपेडच्या जुन्या ब्रेकवायरीतली एक बारीक तार उसवली, आणि गिटारीला ताणून बांधली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

सूर लावायच्या खुंट्यांना आक्का कान म्हणत. “कान पिळला की सरळ बोलती.” पण किती पिळायचा हे ठरवायला त्यांच्याकडे पेटी नव्हती, कुणी मास्तर नव्हता. मग त्यांनी स्वतःचा हिशेब लावला. पाण्याच्या पितळी हंड्याला पळीनं टोला दिला की जो आवाज येई, तो सासूचा. बाकीच्यांनी सासूशी जुळवून घ्यायचं. दोन तारा एकदम छेडायच्या आणि मान तिरकी करून ऐकायचं. “भांडत्यात,” म्हणायचं आणि कान पिळायचा. पुन्हा छेडायच्या. “आता नुसत्या धुसफुसत्यात.” आणखी थोडा पिळायचा. आणि मग एका क्षणी दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एकच व्हायचे, आणि आक्का माझ्याकडे बघून हसायच्या. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो क्षण मलाही ऐकू यायला लागला. जेवणाचं ताट बाजूला ठेवून मी त्याची वाट बघत बसायचे.

पुढे बाळूचा पुण्याचा एक मित्र आला होता. त्याला गिटार चांगली येत होती. त्यानं तारा छेडून बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला.

“काकू, हे सगळंच चुकीचं लावलंय. असं जगात कुठं नसतं.”

“मंग कसं असतं?”

त्यानं मनापासून, घाम गाळून सगळ्या तारा नीट लावून दिल्या, दोन गाणी वाजवली, चहा पिऊन गेला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत आक्कांनी हंडा पुढ्यात ओढला. “पोरगं गुणाचं हाय,” त्या कान पिळत म्हणाल्या, “पर जाताना नणंदंला सासूच्या डोक्यावर बसवून गेलं.”

त्यांची शिकायची रीत सगळी कानावर चालायची. कुठलाही आवाज कानावर पडला आणि आवडला की तो घशात धरायचा, तोंड मिटून गुणगुणत राहायचा आणि तसाच गिटारीपाशी आणून तारेवर शोधायचा. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून पट्टी पट्टी बोट चढवत जायचं. चुकली की खाली, परत वर. सूर घशातून निसटू नये म्हणून तोवर बोलायचं नाही. शेजारीण विरजण मागायला आली तर आक्का “म्म्म्म्म्” करत फडताळाकडे हात करायच्या. ती आपलं आपण घेऊन जायची.

पण हे सगळं गावाला माहीत व्हायच्या आधीचा एक प्रसंग आहे. मी उपकेंद्रात लहान मुलांना डोस पाजत होते. दोन बायका धावत आल्या.

“सिस्टर, चला लवकर! आक्कांची दातखीळ बसली!”

चार दिवसांपूर्वीच आक्कांच्या पायात वखारीतला गंजका खिळा घुसला होता. मी इंजेक्शन दिलं होतं, तरी दातखीळ म्हटलं की सिस्टरच्या डोक्यात पहिलं धनुर्वातच येतं. मी बॅग उचलली आणि पळत सुटले. वाटेत माणसं सांगत होती. गिरणीवर दळण टाकायला आल्या होत्या, बऱ्या होत्या, बोलत होत्या. मग अचानक बोलायच्या थांबल्या. हाक मारली तर नुसतं म्म् म्म् करतात. डोळे एका जागी लागलेत. पिठाचा डबा तिथंच टाकून घराकडे निघाल्यात. देवळापाशी कुणीतरी हात धरायला गेलं तर झिडकारून टाकला.

मी घरी पोचले तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसं. तात्या शेतावरून पळत आलेले, पायांना चिखल, डोक्याला टोपी नाही. मी त्यांना तसं उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. मी सगळ्यांना बाजूला करून आत शिरले.

आक्का गिटार घेऊन बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल, घशातून एकच सूर. बोट मधल्या जावेवर वर सरकत होतं. टंग. नाही. टंग. नाही. टंग.

तिसऱ्या की चौथ्या टंगला त्यांचा घसा आणि तार एक झाले. आक्कांनी तोंड उघडून भला मोठा श्वास घेतला.

“घावला!”

“काय घावला?” मी जवळजवळ ओरडले.

“गिरणीचा पुकपुक्या! आवं, इंजिनाच्या नळीवर ती वाटी उडती बगा, तिचा सूर. लई दिस झालं मागं लागले व्हते.” मग त्यांनी दाराकडे बघितलं. “एवढी माणसं का जमल्याती? कुणाला काय झालं?”

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला हसू आवरेना. तात्या उंबऱ्यात उभे होते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, “पिठाचा डबा कुटं हाय?” एवढंच विचारलं आणि डबा आणायला गिरणीकडे गेले.

गिरणीनंतर त्यांचा हात सुटला. पहाटेचं दूध घालायला जाणाऱ्या सायकलीची घंटी, रेडिओवर बातम्यांच्या आधी वाजतं ते, नारायणगावहून येणारी एसटी वळणावर गिअर बदलते तो आवाज, देवळातली काकडआरती पहिल्या शब्दापासून शेवटच्या टाळीपर्यंत, सगळं त्या सहा तारांवर यायला लागलं. एका कडक दुपारी त्यांनी लाडाच्या लेकीवर, म्हणजे त्या ब्रेकवायरीवर, कुल्फीवाल्याची घंटी अशी काही वाजवली की समोरची म्हातारी स्टीलचा पेला घेऊन बाहेर आली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. आक्कांना हा खेळ फार आवडला. शेवटी खरा कुल्फीवाला दारात येऊन हात जोडून उभा राहिला.

“आक्का, पोटावर पाय नका देऊ. मी घंटी वाजवतो तर लोक म्हणत्यात आक्काच हाय. कोन बाहेरच येईना झालंय.”

आक्कांनी त्याला चहा पाजला, घंटी सोडल्याचा शब्द दिला आणि पाळला.

चावडीवर तात्यांची चेष्टा व्हायची. “काय तात्या, मंडळी गिटार शिकल्या म्हणं. आता प्यांट कवा घालणार?” तात्या तंबाखू मळत राहायचे. एकदा मात्र म्हणाले, “प्यांट न्हाई घालनार. ढोपरं दुमडून बसता येत न्हाई त्यात.” आणि उठून गेले. पुढचे कितीतरी दिवस लोक त्याचा अर्थ लावत होते.

आता बाळूच्या लग्नाचं सांगते, कारण आक्का म्हटलं की मला तेच आठवतं.

स्थळ आंबेगाव तालुक्यातलं, पारगावचं. मुलगी डी.एड. झालेली. हे लोक मुलगी बघून आले, बाळू तर एवढा खूश की परतताना गाडीतच शीळ घालत होता. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते. आदल्या दिवशी बाळू आला आणि त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर खिळ्यावरची गिटार उतरवली.

“आई, उद्या ही नको दिसायला.”

“का रं?”

“उगाच विचारतील. कोण वाजवतं म्हणून. तू वाजवतेस म्हटल्यावर... लोक काय म्हणतील, तुला कळतंय ना?”

मी पोहे निवडत होते, मी मान वर केली नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “सिस्टरच्या खोलीत ठिव.”

पाहुणे आले. मुलीचे वडील, मुलीचे मामा, आणखी दोघं-तिघं. मामा पारगावच्या साखर कारखान्यात फिटर होते. धिप्पाड गडी, मिशा पिळलेल्या, टोपी कडक. घर बघितलं, विहीर बघितली, गोठा बघितला, टायवालं वासरू बघून जरा थबकले. बैठकीत चहा-पोहे झाले. मी आक्कांबरोबर स्वयंपाकघरात होते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला.

“आन बाळासाहेब, आमच्या भाचीनं बजावून सांगितलंय. तुमी गिटार वाजवता म्हणं. आल्यासारखं ऐकून या, म्हणली.”

स्वयंपाकघरात आक्कांच्या हातातली बशी हवेतच राहिली. त्या माझ्याकडे वळल्या. मुलगी बघायला गेले तेव्हा छंद काय म्हणून विचारलं असणार, आणि ह्यानं रुबाबात सांगितलं असणार.

“न्हाई... म्हणजे... आता इथं नाहीये ती,” बाळूचा आवाज आला.

“हाय की,” तात्या म्हणाले. बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “माडीवर हाय. आन जा.”

बाळू माझ्या खोलीतून गिटार घेऊन खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी आणि आक्का दाराच्या फटीतून बघत होतो. तो बसला. कॉलेजात शिकलेली एकच जागा त्याला आठवत होती, तिथं त्यानं बोटं दाबली. पण गिटार आता पुण्याची राहिली नव्हती. ती हंड्यावर लागलेली होती. त्यानं हात मारला आणि असा काही आवाज निघाला की मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

“जरा सूर उतरलाय,” बाळू म्हणाला आणि पुन्हा हात मारला. आणखी वाईट. मग घाबरून एकेक तार चाचपडायला लागला. टंग. टिंग. टंग. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आक्कांना राहवेना. त्या पदर चावत होत्या. बाळूनं पुन्हा एक तार ओढली आणि आक्कांच्या तोंडून सुटलंच.

“आरं ती न्हवं! मधल्या जावंवर ये, मधल्या!”

आक्कांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण आता काय उपयोग.

“आत कोन हाय?” मामांनी विचारलं.

आक्का हळूच बाहेर गेल्या. हाताला पोह्यांची हळद, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. मुलाकडे बघितलं, तर तो फरशीकडे बघत होता.

“मी हाय, पावणं. ही... ही मी वाजवते. त्यो कॉलेजात असताना वाजवायचा.”

तेवढ्यात तात्या, जे पलंगावर पाहुण्यांच्या शेजारी बसले होते, ते उठले. त्यांनी आपली जागा हातानं झटकली आणि स्वतः जाऊन खाली सतरंजीवर बसले. आक्कांना म्हणाले, “बस की.”

आक्का बसल्या. हात लुगड्याला पुसले. पहिल्यांदा काकडआरती वाजवली, अर्धवटच. मग एसटी वाजवली. मग त्यांचं त्यांनाच बरं वाटलं आणि गिरणीचा पुकपुक्या. मुलीचे वडील पुढं सरकून बसले. मामा मिशीत हसायला लागले.

“आमच्या कारखान्याचा भोंगा येतो का?”

“ऐकलाच न्हाई कदी. म्हणून दावा.”

मामांनी आजूबाजूला बघितलं. टोपी नीट केली. मग छाती भरून घेतली आणि त्या धिप्पाड माणसानं डोळे मिटून भोंगा दिला, “भोंऽऽऽऊऽऽऽ!”

“न्हाई ओ मेव्हणं, हा पाळी सुटायचा झाला,” मुलीचे वडील म्हणाले. “पाळी लागायचा जाड असतो. असा... भूंऽऽऽऊऽऽऽ!”

“तुमी शेतकरी, तुमाला काय म्हाईत? मी रोज त्याच्याखाली हुबा असतो.”

“आन मी रोज त्यावर बैल सोडतो!”

दोघांनी आपापला भोंगा पुन्हा दिला. तिसऱ्या पाहुण्याला दोन्ही पटेनात, त्यानं आपला दिला. अंगणातली कोंबडी आत आली. आक्का मान तिरकी करून, डोळे बारीक करून ऐकत होत्या आणि सासूवरून बोट खालून वर सरकवत होत्या, आणि हळूहळू त्या जाड तारेतून तो चढत जाणारा हुंकार निघायला लागला. “जवळ आलं, जवळ आलं,” मामा ओरडले, “आणीक वर!” मी स्वयंपाकघराच्या दारात पोट धरून हसत होते. तात्या सतरंजीवर बसून भिंतीकडे तोंड करून हसत होते. फक्त बाळू तेवढा हसत नव्हता.

पाहुणे जाताना म्हणाले, “कळवतो.”

“कळवतो म्हणजे नाही,” बाळू म्हणाला. “संपलं. तमाशा झाला सगळा. आता आख्ख्या पारगावात हेच.” आणि तो जेवायला न थांबता भोसरीला निघून गेला.

आक्कांनी खताची पिशवी शोधून काढली, गिटार गुंडाळली आणि खिळ्याला टांगली. त्यानंतरचे दिवस मला त्या घरात राहवेना. आक्का काम करत होत्या, जेवत होत्या, माझ्याशी बोलतही होत्या, पण काहीच ऐकत नव्हत्या. हंडा पळीला लागून वाजला तरी मान वळत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तात्यांनी गिटार खाली काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“तारा गंजतील.”

“गंजू द्या,” आक्का म्हणाल्या. “आदी पोराचं जमू दे.” आणि एवढं बोलून त्या अशा रडायला लागल्या, की मला पाणी आणायलाही उठवेना. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना बघितलं.

रविवारी बाळू आला, तोंड फुगवूनच. आणि दुपारी मामा मोटारसायकलवर आले. बसले नाहीत. “भाचीला मुलाशी बोलायचंय. चारला फोन करती,” एवढंच म्हणाले. गावात तेव्हा फोन किराणा दुकानात होता. चार वाजता दुकानात एवढी गर्दी होती की दुकानदारानं साखरेची पोती बसायला मोकळी केली. फोन वाजला. बाळूनं घेतला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

“हॅलो... हो, मीच... नाही... नाही, मला नाही येत... हो, आईच वाजवते... हो, खोटं बोललो... लाज वाटली म्हणून...” मग तो फोनची वायर बोटाला गुंडाळत पलीकडचं ऐकत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “आईची नाही,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे वाटली होती. पण चुकलं माझं.” पुन्हा पलीकडचं ऐकलं. मग त्यानं फोन ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

“काय म्हणली?” दुकानदारानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं.

“म्हणाली, पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आईला आधी सांगत जा. म्हणजे त्या आतून ओरडणार नाहीत.” बाळूला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. “आणि म्हणाली, तारीख काढा.”

तो धावत घरी गेला. आक्कांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी मागे राहिले होते. पण रस्त्याच्या निम्म्यावर असतानाच मला घरातून कारखान्याचा भोंगा ऐकू आला, पाळी लागायचा, जाड.

लग्नानंतर ती मुलगी माझी मैत्रीण झाली. एकदा मी तिला विचारलं, नेमकं कशावर हो म्हणालीस? मला वाटलं भोंग्यावर म्हणेल. ती म्हणाली, “मामांनी घरी येऊन सगळं सांगितलं. भोंगा तर करूनच दाखवला. पण बोलता बोलता ते म्हणाले, सासरा उठला, आपली जागा झटकली आणि सासूला म्हणाला, बस की. पावण्यांच्या देखत. मी म्हटलं, हे घर चालेल.”

माझी पुढे बदली झाली, पण मी जात राहिले. शेवटची गेले तेव्हा दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाली होती. वखारीच्या जागी टोमॅटोचे क्रेट रचलेले, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, सून झेडपीच्या शाळेत शिकवायला गेलेली. आक्कांचे केस पांढरे झाले होते आणि बोटं थोडी आखडली होती. चहा झाल्यावर त्यांनी गिटार घेतली आणि काहीतरी वाजवलं. संथ, वर जाणारं, मध्येच थबकणारं. मी ओळखायचा प्रयत्न केला. पाटाचं पाणी? दूधगाडी? नवीन कुठली मशीन?

“कशाचं आहे हे आक्का?”

“कशाचंबी न्हाई गं,” त्या म्हणाल्या. आवाजात जरा लाज होती. “कुटं ऐकलेलं न्हाई. सकाळी भाकऱ्या थापताना आतच व्हतं. मंग घेतलं काढून.” आणि त्या गालात हसल्या. “ह्याची लई गंमत हाय. चुकलं तर कळायचं कसं? हे दुसरीकडं कुटं वाजतच न्हाई.”

ओसरीत तात्या टोमॅटो निवडत बसले होते. त्यांनी हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला.

“दुसऱ्या खेपंला वर जाताना घाई केलीस,” ते म्हणाले. “परत वाजीव.”

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदर खोचला, मान तिरकी केली आणि सुरुवातीपासून वाजवायला घेतलं.